आधी लॉनचा हिशोब द्या, मग आम्हाला पाणी वाचवायला सांगा



या खेपेची जिल्हा बैठक खर्ड्याला आहे. मार्च १७९५ मध्ये इथल्या माळावर मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. ग्रँट डफने आपल्या इतिहासात त्या रात्रीची एक बारीक गोष्ट नोंदली आहे. घोड्यांसाठी पाणी शोधत मराठ्यांची एक लहान तुकडी ओढ्यावर गेली. तिथे निजामाची माणसे पडलेली होती. त्यांनी ओळखले आणि गोळ्या झाडल्या. अंधारात निजामाच्या फौजेत गोंधळ माजला, आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. सव्वादोनशेवर वर्षे उलटली. उन्हाळा लागला की या भागातला माणूस अजून पाण्याच्याच शोधात निघतो. फरक एवढाच झाला आहे की आता ओढ्यात पाणी नसते आणि रस्त्याच्या कडेला हिरवेगार लॉन असते.

आज त्या लॉनबद्दल बोलायचे आहे. कुणी म्हणेल, भावाचे बोला, कापसाचे बोला, हे लॉनचे काय काढले? भावाचे बोलणारच आहोत, बैठकीत त्याचा वेगळा विषय आहे. पण गेली कित्येक वर्षे आपल्याला एकच पाठ शिकवला जातो आहे: शेतकरी पाणी उधळतो, शेतकऱ्याला पाण्याची किंमत नाही, शेतकऱ्याने पाण्याचा हिशोब द्यावा. हा पाठ जिथे शिकवला जातो, त्या कार्यालयाच्या दारातली हिरवळ मे महिन्यातसुद्धा पिवळी पडत नाही. तिला पाणी किती लागते, कुठून येते, त्यातले वाया किती जाते, हे कुणी विचारत नाही. ते आपण विचारायचे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

हिशोब कुणाकडून मागतात?

तुम्ही ठिबक किंवा तुषार संचाला अनुदान मागा. सातबारा द्या, आठ-अ द्या, आराखडा द्या, बिल द्या. मग साहेब मोका तपासणीला येतात, नळ्या मोजतात, संचाशेजारी उभे करून तुमचा फोटो काढतात. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. आता कोणत्या गटात काय पेरले आणि त्याला पाणी कशाचे, हे आपणच मोबाईलवर भरून द्यायचे. २००९ चा भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून लागू झाला. त्याने खोल विहिरींवर बंधने घातली, आणि ६० मीटरची रेघ आखून दिली. जुलै २०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. टंचाई जाहीर झाली की तहसीलदाराचा कागद येतो आणि ज्याच्या विहिरीला चार परस पाणी आहे त्याची विहीर गावासाठी अधिग्रहित होते. गावाला पाणी द्यायला आपली ना नाही. आजवर कुणी दिले नाही असे झाले नाही.

पण मला एक उदाहरण दाखवा. टंचाईत एखाद्या लॉनची बोअर अधिग्रहित झाली असे आपल्यापैकी कुणी पाहिले आहे का? एखाद्या कारखान्याच्या, कॉलेजच्या, विश्रामगृहाच्या बागेत कुणी साहेब मोका तपासणीला गेला आणि नोझल मोजून आला, असे ऐकले आहे का? मी ऐकलेले नाही.

आता हे नुसते विसरण्यातून झाले, असे मला वाटत नाही. २००३ साली राज्याचे जलधोरण आले तेव्हा पाण्याच्या पंगतीत पहिला पाट पिण्याच्या पाण्याला, दुसरा उद्योगाला आणि तिसरा शेतीला मांडला होता. बरीच ओरड झाली, तेव्हा २०११ साली शेतीला दुसऱ्या पाटावर आणले. लॉनला मात्र या पंगतीत पाटच नाही. ते वाढप्याच्या मागे उभे राहून जेवते. बंगल्याच्या बागेचे पाणी घरगुती नळातून जाते, कारखान्याच्या बागेचे कारखान्याच्या पाण्यातून, आणि कार्यालयाच्या बागेचे कार्यालयाच्या बोअरमधून. ज्याला वेगळा रकाना नाही त्याची बेरीज कधी होत नाही, आणि ज्याची बेरीज होत नाही त्याला कुणी कमी कर म्हणत नाही.

२०१६ साली काय झाले?

एकदाच या विषयावर सगळा देश बोलला. एप्रिल २०१६. सलग दुसऱ्या वर्षाचा दुष्काळ होता. लातूर शहराचे नळ कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. आपल्या खर्ड्यापासून लातूर काही परमुलखात नाही. आपल्या लेकीबाळी तिकडे दिलेल्या आहेत. ती गाडी आपण परक्याची म्हणून पाहिली नाही.

त्याच दिवसांत मुंबई, पुणे आणि नागपूरच्या मैदानांवर आयपीएलचे सामने ठरले होते. लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. तिन्ही मैदानांना मिळून सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा त्या वेळी पुढे आला. न्यायालयाने कडक शब्दांत सुनावले, आणि १३ एप्रिलला, म्हणजे लातूरची गाडी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायचा हुकूम दिला.

आपल्यातल्या अनेकांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आज दहा वर्षांनी शांतपणे विचार केला की त्या टाळ्या अर्ध्यावर थांबवायला हव्या होत्या असे वाटते. सामने हलले. मैदाने हलली का? मैदान जागेवरच राहिले आणि गवतही. सामना असो नसो, गवत राखायचे म्हटले की त्याला पाणी लागते. त्या मैदानावर रोज किती पाणी पडते, त्यातले गवताला किती पुरते, बाकीचे कुठे जाते, हे मोजून दर महिन्याला जाहीर करा, अशी सक्ती कायमची झाली असती तर तो हुकूम आपल्या कामाचा होता. तशी सक्ती झाली नाही. पाहुणे दुसऱ्या गावी जेवायला गेले, आणि घरातला नळ गळतच राहिला.

त्या खटल्यात एक गोष्ट मात्र उघड झाली. क्रिकेट मंडळाच्या वतीने न्यायालयात सांगण्यात आले की मुंबई-पुण्याच्या मैदानांना आम्ही प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरू. वापरू शकता, तर मग याचिका होईपर्यंत थांबलात कशाला? खोकल्याशिवाय दार उघडायचेच नाही, हा शहराचा रिवाज आहे.

एका एकराचा हिशोब

आता आकडेमोड करू. कृषी पदवी घेताना जे शिकलो त्यातले हे सगळ्यात साधे गणित आहे, आणि ते प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ असावे. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे १०० लिटर. एका एकरावर १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,००० लिटर. पाऊस मोजा, पाळी मोजा, लॉन मोजा, माप एकच.

आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळ हिरवी राखायची तर दिवसाला साधारण ६ मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे एकराला २४,००० लिटर. बारा हजारी टँकर असेल तर रोज दोन टँकर. हे झाले गवताच्या गरजेपुरते. पण लॉनवर गरजेपुरते पाणी कधी पडत नाही.

ते का, हे तुषार संच वापरणाऱ्याला सांगायला नको. एक नोझल झिजलेले, एक वाकडे, एकाचा फवारा भिंतीवर, एकाचा डांबरी रस्त्यावर, मोटारीजवळ दाब जास्त आणि टोकाला कमी. परिणामी एका कोपऱ्यात चिखल आणि दुसऱ्या कोपऱ्यात पिवळे ठिपके. मालक पिवळा ठिपका पाहतो आणि माळ्याला ओरडतो. माळी मोटर अर्धा तास जास्त चालवतो. ठिपका हिरवा होतो, आणि बाकीच्या सगळ्या लॉनवर गरज नसलेले पाणी पडते. गवताची मुळे वीतभर खोल. त्याखाली गेलेले पाणी गवताच्या काही कामाचे नाही.

हे मोजता येते, आणि त्याला यंत्र लागत नाही. १९४२ साली कॅलिफोर्नियातल्या ख्रिस्तियनसन नावाच्या अभियंत्याने तुषार संचाचे पाणी किती सारखे पडते ते काढायचे सूत्र मांडले. डबे मांडून पाणी मोजायची रीत आज जगभर चालते. तिकडे लॉनच्या सिंचनाची तपासणी करणारे प्रशिक्षित तपासनीस असतात. हिशोबनीस जसा वह्या तपासतो तसे ते लॉन तपासतात.

रीत अशी. सरळ भिंतींचे एकसारखे वीस रिकामे डबे घ्या. लॉनवर सारख्या अंतराने मांडा. संच अर्धा तास चालवा. मग प्रत्येक डब्यातले पाणी फूटपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा आणि सरासरी काढा. समजा १० मिलिमीटर आली. आता सगळ्यात कमी पाणी पडलेले पाच डबे वेगळे काढा आणि त्यांची सरासरी घ्या. समजा ६ मिलिमीटर आली. सहाला दहाने भागा. उत्तर ६० टक्के. म्हणजे त्या लॉनचा समानपणा ६० टक्के.

याचा अर्थ असा की सगळ्यात कोरड्या कोपऱ्याला ६ मिलिमीटर द्यायचे तर सगळ्या लॉनवर सरासरी १० मिलिमीटर ओतावे लागते. गरज २४,००० लिटरची आणि खर्च ४०,००० लिटरचा. रोजचे १६,००० लिटर फुकट गेले. गवताला त्यातला थेंबही उपयोगी पडला नाही.

टंचाईत टँकरचे पाणी माणशी २० लिटर या हिशोबाने धरतात. सोळा हजार भागिले वीस. आठशे माणसे. एका एकराच्या बिघडलेल्या लॉनची नुसती नासाडी म्हणजे आठशे वस्तीच्या गावाचे दिवसाचे पाणी.

ज्या लॉनवर तुषार नाही आणि माळी नळी धरून पाणी मारतो तिथे आणखी सोपे. २० लिटरची बादली नळीखाली धरा. वीस सेकंदांत भरली तर मिनिटाला ६० लिटर, तासाला ३,६०० लिटर. माळी तीन तास नळी सोडून चहाला गेला तर १०,८०० लिटर. टँकर रिकामा.

आता परत २०१६ च्या त्या ६० लाख लिटरकडे या. रोज एकरी ४०,००० लिटर पिणारे दीड एकराचे लॉन शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात किती पिईल? बरोबर ६० लाख लिटर. तीन शहरांतल्या मैदानांवरून देशभर जेवढ्या पाण्याचा गाजावाजा झाला, तेवढे पाणी आपल्या रस्त्यावरचे एक दीड एकराचे लॉन एका लग्नसराईत गिळू शकते. त्याची बातमी होत नाही, याचिका होत नाही.

ज्वारीला काय लागते?

आपली मालदांडी घ्या. मोहोळच्या केंद्रावरून आलेला हा वाण आपल्या बापजाद्यांनी पेरला. परतीच्या पावसाने भारी काळ्या रानात जी ओल साठते, तिच्यावर ज्वारी चार-चार फूट मुळ्या खाली सोडून उभी राहते. वरून पाणी न घेता दाणा देते, कडबा देते. पोटरीत असताना एकच संरक्षित पाळी मिळाली, ५० मिलिमीटरची, तर धाटाला आणि कणसाला जो फरक पडतो तो तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला आहे. ती एक पाळी म्हणजे एकरी २ लाख लिटर. कपाशीचेही तेच. पाऊस उघडला आणि बोंडे भरायच्या वेळी एक पाणी मिळाले तर पाते-बोंडांची गळ थांबते.

त्या एका एकराच्या लॉनची शंभर दिवसांची नुसती नासाडी १६ लाख लिटर. म्हणजे आठ एकर ज्वारीची संरक्षित पाळी.

इथे कुणी हुशार माणूस म्हणेल, ज्वारीला पाणी लागते मार्गशीर्षात आणि लॉनला वैशाखात, मग तुलना कशाची करता? प्रश्न बरोबर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. लॉन काही वैशाखात उगवत नाही. पाऊस उघडला की त्याची मोटर सुरू होते आणि मृग लागेपर्यंत बंद होत नाही. शिवाय बोअरचे पाणी खडकातल्या एकाच साठ्यातून येते. दिवाळीपासून लॉनने जे उपसले, ते चैत्रात गावच्या विहिरीत नसते. मार्गशीर्षात आपण पाळी द्यायला घाबरतो, कारण उन्हाळ्यात जनावरांना काय पाजायचे ही धास्ती असते. शेजारचे लॉन ती धास्ती बाळगत नाही. त्याच्यासाठी टँकर विकत मिळतो.

आणि गंमत पाहा. ज्या हरळीला आपण जन्मभर खुरपून, वखरून, जाळून थकलो, तिचीच जातभाई अनेक लॉनवर आणि मैदानांवर लावलेली असते. हरळी मरते का? तुमच्याइतके ते कुणाला ठाऊक नाही. वर वाळून कोळ झाली तरी खाली काशा जिवंत असतात. पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत हिरवी. तेव्हा दोन महिने पाणी बंद केले तर हरळीचे लॉन पिवळे पडेल, मरणार नाही. ज्वारी पोटरीत वाळली तर वर्ष जाते. गाय तहानेने बसली तर ती उठत नाही.

“ऊस किती पाणी पितो ते बघा”

लॉनचे नाव काढले की पहिले उत्तर हेच येते. उसाचे क्षेत्र केवढे, लॉनचे केवढे, उगीच चिमूटभर गोष्टीचे राजकारण करू नका.

मी कोरडवाहू शेतकऱ्यांसमोर बोलतो आहे, म्हणून उसाची वकिली करायचे मला कारण नाही. राज्याच्या एकूण बेरजेत लॉनचे पाणी उसापुढे थोडेच भरेल, हे मान्य. उसाचा हिशोब मागा, जरूर मागा. तो मागितलाही जातो. पाणीपट्टी आहे, पाणी अर्ज आहे, ठिबकाची सक्ती आहे. ऊस विकला जातो, त्यातून मजुरी निघते, कर निघतो. एकरी हिशोब केला तर वर्षभर हिरवे राखलेले लॉन पाण्याच्या बाबतीत उसाच्या रांगेत जाऊन बसते. पिकते काय? फोटो.

दुसरे म्हणजे, तहान राज्याच्या बेरजेत लागत नाही. ती गावात लागते, चैत्र-वैशाखात लागते. एका शिवारातले दोन एकर लॉन राज्याच्या हिशोबात शून्य आहे, पण त्याच शिवारातल्या पिण्याच्या विहिरीच्या हिशोबात शून्य नाही.

तिसरे आणि महत्त्वाचे. हिशोब मागणाऱ्याने आधी स्वतःचा द्यावा. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे करून दाखवले आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, आणि त्यानंतर गावाने ऊस-केळी बंद केली, शेतीसाठी बोअर बंद केली. दर वर्षी पावसाळा संपला की पाऊस किती पडला, पाणी किती मुरले, माणसाला किती, जनावराला किती, शेतीला किती, हा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. पाणी कमी असेल तर त्या साली पिके बदलतात. चारचौघांत, नावानिशी. जे काम खेड्यातली माणसे चावडीवर करू शकतात, ते काम जिल्ह्याच्या ठिकाणच्या कार्यालयांना त्यांच्या अर्ध्या एकराच्या हिरवळीबद्दल करता येऊ नये?

श्रीमंत देशांची उदाहरणे द्यायची यांना फार हौस असते, म्हणून दोन देतो. कॅलिफोर्नियात २०१५ च्या दुष्काळात गव्हर्नरने शहरांचा पाणीवापर २५ टक्क्यांनी कमी करायचा हुकूम काढला, आणि रस्त्याच्या दुभाजकांवरच्या हिरवळीला पिण्याचे पाणी द्यायला बंदी केली. नेवाडात, जिथे लास व्हेगास आहे, २०२१ साली कायदा झाला. घरांच्या अंगणाबाहेरची, नुसत्या शोभेची हिरवळ २०२६ च्या अखेरीनंतर कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर पोसता येणार नाही. तिथले पाणीखाते लोकांनी लॉन काढावे म्हणून त्यांना पैसे देते. वाळवंटातल्या जुगाराच्या शहराला जे कळले, ते अवर्षणप्रवण म्हणवणाऱ्या आमच्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना कळू नये?

आता आपल्याबद्दल

भावांनो, इथपर्यंत वाचून मान डोलावली असेल तर पुढचेही वाचा.

आपल्या भागात लॉन म्हटले की कार्यालयाची बाग आठवत नाही. आठवते ते लग्नाचे लॉन्स. नगर रस्त्याला, बीड रस्त्याला, तालुक्याच्या गावाला वेशीवर पाटी असते, अमुक लॉन्स, तमुक लॉन्स. लग्नसराई चैत्र-वैशाखाची. त्याच दिवसांत टँकर फिरतात. त्या लॉन्सवर लग्न कुणाचे असते? आपल्याच पोरीचे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जे लग्न दारात मांडव घालून किंवा देवळापुढे लागायचे, ते आता हिरव्या गालिच्यावर लागले नाही तर पाहुणे नाक मुरडतात, म्हणून बाप सावकाराकडे जातो. अक्षता पडतात त्या गवतावर, आणि आदल्या रात्री त्याच गवतावर विकतचा टँकर मोकळा झालेला असतो.

एका लॉन्सवर मी माळ्याला विचारले, रोज पाणी किती देतोस? तो म्हणाला, “लाईट जाईपर्यंत.” त्याची चूक नाही. त्याला कुणी माप सांगितले नाही, मालकाला कुणी विचारले नाही, आणि आपण भाडे देताना फक्त खुर्च्या मोजल्या.

त्यातले कितीतरी लॉन्स आपल्याच माणसांचे आहेत. शेती परवडत नाही म्हणून रस्त्याकडेचे दोन एकर लॉन्सला घातले. मी त्यांना दोष देत नाही. ज्वारीला भाव मिळाला असता तर त्यांनी ज्वारीच पेरली असती. पण भावाच्या लुटीने मोडलेल्या शेतकऱ्याने शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीतून ती कसर काढायची नसते. त्यांनी बाकीच्यांच्या आधी डबे मांडावेत. समानपणा ६० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर आणला, चार नोझल बदलली, दाब नीट केला, तर ४०,००० लिटरचे काम ३०,००० लिटरमध्ये होते. टँकरचे पैसे त्यांचेच वाचतात. पहाटे पाणी दिले तर ऊन-वाऱ्यात उडून जाणारे वाचते. हिरवळ लागतेच तेवढी ठेवावी, बाकी जागेवर मुरूम किंवा फरशी घालावी, आणि कडुलिंब लावावेत. लिंबाची सावली वऱ्हाडाला गवतापेक्षा जास्त उपयोगी आहे.

आम्ही कुणाची बाग उपटायला निघालो नाही. पोरांनी क्रिकेट खेळावे. आपली पोरे मुरमावर खेळून गुडघे फोडून घेतात तशी सगळ्यांनी फोडून घ्यावीत, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की जो पाणी वापरतो त्याने माप दाखवावे. शेतकऱ्याला जे माप, तेच माप गवताला.

खर्ड्याच्या बैठकीपुढे ठेवायचे ठराव

१. जिल्ह्यातली दहा गुंठ्यांवरची प्रत्येक हिरवळ, मग ती सरकारी असो, कारखान्याची असो, कॉलेजची असो की लग्नाच्या लॉन्सची, तिच्या पाण्याला वेगळे मीटर बसवावे. पाणी कुठून घेतले, किती घेतले, हे दर महिन्याला दर्शनी पाटीवर लिहावे.

२. अशा प्रत्येक हिरवळीची उन्हाळ्याच्या तोंडाशी डबे मांडून तपासणी व्हावी. सुरुवात सरकारी कार्यालयांपासून करावी. समानपणा ७० टक्क्यांच्या खाली असेल तर संच दुरुस्त होईपर्यंत पाणी बंद.

३. टंचाई जाहीर झाली की शेतकऱ्याच्या विहिरीच्या आधी लॉनची बोअर अधिग्रहित करावी.

४. टंचाईच्या काळात हिरवळीला टँकरचे आणि पिण्याचे पाणी पूर्ण बंद. शहरांत प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे. ते नसेल तर गवत पिवळे पडू द्यावे.

५. प्रत्येक तालुक्यातून पाच-पाच कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावेत. शुल्क दहा रुपये. प्रश्न तीनच: बागेचे क्षेत्र किती, पाण्याचा स्रोत कोणता, गेल्या बारा महिन्यांत पाणी किती. उत्तर “माहिती उपलब्ध नाही” असे आले तर तो कागद जपून ठेवावा. पुढच्या वेळी पाणी वाचवा म्हणून भाषण करायला साहेब आले की तोच त्यांच्या हातात द्यावा.

६. आपल्या घरचे कार्य चैत्र-वैशाखात टँकरवर पोसलेल्या लॉन्सवर करायचे नाही. लॉन्स ठरवताना भाड्याच्या आधी पाण्याचे विचारायचे.

सहावा ठराव सगळ्यात अवघड आहे, कारण तो कलेक्टरसाहेबांनी पाळायचा नाही, आपण पाळायचा आहे. तो पास झाला नाही तर पहिले पाच मांडायचा आपल्याला तोंड राहणार नाही.

ज्या माउलीचे नाव आता आपल्या जिल्ह्याला दिले आहे, ती अहिल्यादेवी याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीची. तिने देशभर विहिरी आणि बारवा बांधल्या, वाटसरूला आणि जनावराला पाणी मिळावे म्हणून. तिच्या नावाच्या जिल्ह्यात मे महिन्यात बाई घागर घेऊन रस्त्याने चालते आणि कडेला गवतावर फवारे उडतात, हे चित्र ज्याला बोचत नाही त्याने खुशाल घरी बसावे.

बाकीच्यांनी बैठकीला येताना एक-एक रिकामा डबा आणावा. पत्र्याचा, सरळ भिंतीचा. वीस डबे जमले की बैठक संपल्यावर जवळच्या एका लॉन्सवर मालकाच्या परवानगीने जाऊ आणि मोजू. भाषण ऐकून माणूस विसरतो. डब्यात किती पाणी पडले ते स्वतः मोजले की विसरत नाही.